हृदयधमनीविकारात पोषक गोळ्या : पूरक की औषध?

अर्धापूरचा परिसर केळी आणि हळदीचा. ईसापूर धरणाच्या कालव्यावर येथील केळीच्या बागा उभ्या राहिल्या. अशा भागातील रुग्ण जेव्हा हृदयधमनीतील अवरोध ‘विरघळावा’ म्हणून हळदीच्या अर्काच्या आणि जीवनसत्त्वांच्या महागड्या गोळ्या घेऊ लागतो व रुग्णालयाने दिलेली औषधे सोडून देतो, तेव्हा वैद्यबंधूंनी मौन बाळगणे आम्हास उचित वाटत नाही.

या गोळ्यांची परीक्षा झालेली आहे. ब्रिटनमधील २०,५३६ जोखमीच्या व्यक्तींना सुमारे पाच वर्षे ई व क जीवनसत्त्वे आणि बीटा-कॅरोटीन, अथवा तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या देण्यात आल्या. निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. रक्तातील जीवनसत्त्वांची पातळी वाढली. हृदयविकाराचे झटके व मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. याच व्यक्तींमध्ये सिम्व्हास्टॅटिनचीही कसोटी लागली आणि त्याने झटके व पक्षाघात सुमारे एक चतुर्थांशाने घटले. एकाच अभ्यासाने दोन्ही उत्तरे दिली, म्हणून आम्ही त्यास विशेष महत्त्व देतो. २००६ च्या दुसऱ्या अभ्यासात फॉलिक आम्ल, ब-६ व ब-१२ यांनी होमोसिस्टीन उतरले, पण हृदयविकाराने होणारे मृत्यू घटले नाहीत. बिडी ओढणाऱ्यास तर बीटा-कॅरोटीन देऊच नये. फिनलंडमधील धूम्रपानी पुरुषांत त्याने फुप्फुसाचा कर्करोग वाढल्याचे १९९४ मध्येच दिसून आले होते.

ब-१२ ची न्यूनता शाकाहारी रुग्णांत वारंवार आढळते. ती अवश्य भरून काढावी. तो न्यूनतेचा उपचार होय, अवरोधाचा नव्हे.

चक्रदत्तात हृद्रोगासाठी अर्जुनसिद्ध क्षीर सांगितले आहे. मात्र ग्रंथोक्त हृद्रोग म्हणजे सरळ आजचा धमनीअवरोध, असे मानणे आम्हास घाईचे वाटते. अर्जुन द्यावयाचा तर चालू उपचारांच्या जोडीने द्यावा, त्यांच्या जागी नव्हे.

मात्रेचा विचार तर आपल्या शास्त्राचा पायाच आहे. भाजीतील चिमूटभर हळद आणि अर्काची गोळी एक नव्हेत. वॉरफॅरिन घेणाऱ्यास अशा गोळीने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. वृक्क दुर्बल असून रामिप्रिल वा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल, तर पोटॅशियमच्या गोळ्या घातक ठरू शकतात. केळीच्या मुलखात अशा रुग्णास रोज किती केळी खाता, हेही विचारावे. आणि पुढील भेटीस घरातील सर्व गोळ्या, चूर्णे व बाटल्या एका पिशवीत घालून आणावयास सांगावे.