बिरड्याचा सण करणारे आपले शेजारी

कर्जत-खालापूरकडे भात निघालं की त्याच ओलीवर वाल पेरतात. मोड आणून सोललेल्या त्या कडव्या वालांचं बिरडं तुम्हां-आम्हां सगळ्यांच्या घरी होतं. पण मैत्रिणींनो, जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याचा शोक पाळताना बिरडं खाणारी माणसंही आपल्याच रायगड जिल्ह्यातली, हे ठाऊक आहे का? हे आपले बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. त्या उपासाला ते 'बिरड्याचा सण'च म्हणत!

नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, अशी त्यांची कथा. पुढे ते गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक म्हणत 'शनवार तेली'. आडनावं बघा: पेणकर, रोहेकर, किहीमकर, अष्टमकर. बायका नऊवारी नेसत, मंगळसूत्र घालत. फक्त मांसाला दूध-दही लावायचं नाही, हा धर्माचा नेम. म्हणून मटणाच्या रश्शाला नारळाचं दूध. (आपल्याला ते नुसतं कोकणी वाटतं!)

पनवेलचं त्यांचं प्रार्थनामंदिर १८४९ सालचं. पेणला आहे, अलिबागला तर अख्खी इस्रायल आळीच आहे. आळीतली माणसं मात्र गेली. १९४१ साली लिथुआनियात गावंच्या गावं ज्यूंना गावाबाहेर नेऊन मारण्यात आलं. तसं इथं कुणी कुणाला हात लावला नाही. १९४८ला इस्रायल झालं आणि ही मंडळी आपणहून, शेजाऱ्यांचा निरोप घेऊन निघाली.

तिथं काय वाढून ठेवलं होतं? तुम्ही खरे ज्यू कशावरून, असं तिथले धर्मगुरू विचारू लागले. लग्न ठरलं की आधी आजी-पणजीचं कूळ तपासायचं! घाण्यावरसुद्धा शनिवार पाळलेल्या घरांतल्या मुलींना हे ऐकावं लागलं, याचा मला अजून राग येतो. त्यांनी निदर्शनं केली, तेव्हा १९६४ साली तिथल्या संसदेनं त्यांना सर्वार्थानं ज्यू मानलं.

२०११च्या जनगणनेत साऱ्या भारतात ज्यू पाच हजारसुद्धा भरले नाहीत. पण मलिदा अजून होतो, इथं आणि इस्रायलमध्येही. एलियाहू हन्नबीचं नाव घेऊन, नवस फेडायला किंवा लग्नकार्यात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गोडाला साखर किंवा गूळ, वेलची, सुका मेवा. ताटात भोवती पाच फळं मांडायची.