घर गेले, वर्गणी उरली

दिवाळे निघालेल्या माणसापासून आता घेण्यासारखे काय उरले, असे आपण सहज म्हणून जातो. अमेरिकेतील नादारीचा कायदा तर हे तत्त्व म्हणूनच स्वीकारतो. प्रामाणिक पण दुर्दैवी ऋणकोची पाटी पुसून त्याला संसार नव्याने मांडू द्यावा, हा त्या कायद्याचा मूळ हेतू. परंतु त्याच कायद्यात असेही एक कलम आहे की, ज्यामुळे पाटी एकीकडे पुसली जात असताना दुसरीकडे तिच्यावर नवे आकडे उमटत राहतात. हे आकडे असतात वसाहतीच्या देखभाल वर्गणीचे.

अमेरिकेत सात कोटींहून अधिक लोक अशा वसाहतींत राहतात की, जेथे 'होमओनर्स असोसिएशन' अथवा तत्सम घरमालकांचा संघ कारभार पाहतो. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया या राज्यांत स्थिरावलेल्या अनेक मराठी कुटुंबांनाही हे संघ परिचयाचे आहेत. आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेशी त्यांचे साम्य आहे. उगम मात्र निराळा. आपल्याकडे सभासद एकत्र येऊन संस्था नोंदवितात. तेथे वसाहत उभारणारा विकासकच नियमावली जमिनीच्या दप्तरात नोंदवून ठेवतो, आणि घराचे खरेदीखत झाले की खरेदीदार आपोआप सभासद होतो. मालकी सुटल्याखेरीज सभासदत्व सुटत नाही. सगळ्या गुंत्याचे मूळ या एका वाक्यात आहे.

नोकरी गेलेल्या एखाद्या गृहस्थाचे उदाहरण घेऊ. हप्ते थकले, वर्गणी थकली, त्याने 'चॅप्टर सेव्हन'खाली नादारीचा अर्ज केला. साधारण चार महिन्यांत ऋणमुक्तीचा आदेश मिळाला. घर मला नको, बँकेने घ्यावे, असे त्याने न्यायालयाला लेखी कळविले आणि बिऱ्हाड भाड्याच्या जागेत हलविले. लौकिक दृष्टीने त्याचा त्या घराशी संबंध संपला. कायद्याच्या दृष्टीने तो संपलेला नसतो. गहाणाची जप्ती पुरी होऊन नव्या मालकाचे खत नोंदले जाईपर्यंत घर त्याच्याच नावावर राहते आणि वर्गणीही त्याच्याच नावे चढत जाते. १९९४ साली अमेरिकी काँग्रेसने कायद्यात दुरुस्ती करून, अर्जानंतरच्या काळात ऋणको स्वतः घरात राहत असेल किंवा भाडे घेत असेल, तर त्या काळाची वर्गणी माफ होणार नाही, असे ठरविले. यात न्याय होता. २००५ साली मात्र वास्तव्याची ही अट काढून टाकण्यात आली. नुसता मालकी हक्क कागदावर शिल्लक असला तरी पुरे, असे झाले.

मग बँक ते घर लगेच का घेत नाही? कारण तशी सक्ती तिच्यावर नाही. ऋणकोने घर सोडून देणे ही एक गोष्ट आणि बँकेने ते स्वीकारणे ही दुसरी. नाव लागले की कर, विमा, डागडुजी आणि वर्गणी हे सारे बँकेच्या गळ्यात येते. २००८ च्या अरिष्टानंतर, जेथे जप्ती न्यायालयामार्फतच होते अशा न्यू जर्सी, न्यूयॉर्क, फ्लोरिडा या राज्यांत प्रकरणे वर्षानुवर्षे रेंगाळली. मालक निघून गेलेल्या आणि बँकेने न घेतलेल्या घरांना तिकडे 'झोंबी' हे नावच पडले.

या विलंबाची किंमत कोण मोजतो, हे साध्या हिशेबाने पाहता येईल. समजा, फ्लोरिडात शंभर घरांची एक वसाहत आहे आणि दर घराची वर्गणी महिना ३०० डॉलर आहे. एक घर नादारीच्या अर्जापासून २४ महिने असे अधांतरी राहिले, तर थकबाकी झाली ७,२०० डॉलर. फ्लोरिडाच्या कायद्यानुसार, जप्तीने घर घेणाऱ्या पहिल्या गहाणदार बँकेवर, ठराविक अटी पाळल्यास, बारा महिन्यांची वर्गणी किंवा मूळ कर्जाचा एक टक्का यांपैकी जी रक्कम कमी तेवढाच भार पडतो. कर्ज दोन लाखांचे असेल, तर बँक २,००० डॉलर देऊन मोकळी होते. उरलेले ५,२०० डॉलर एक तर त्या कफल्लक गृहस्थाकडून वसूल व्हायचे, नाही तर इतर ९९ घरांवर वाटले जायचे. विलंब कोणी केला? बँकेने. भरपाई कोणी करायची? ज्यांच्या हाती काहीच नव्हते त्यांनी. अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही शिकवितो की, खर्चाचा भार निर्णय घेणाऱ्यावर पडला नाही, तर निर्णय बेफिकीर होतात. त्याचे याहून बोलके उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

संघाला खलनायक ठरविणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. छपराचा विमा आणि रस्त्यावरचे दिवे कोणाच्या नादारीसाठी थांबत नाहीत. तक्रारीला जागा आहे ती वसुलीच्या रीतीत. थकबाकी वकिलाकडे वा वसुली कंपनीकडे गेली की जुनी-नवी बाकी, दंड आणि वकिलाची फी एका आकड्यात मिसळून येतात. ज्याच्यावर ही वेळ येईल त्याने दोन तारखा विसरू नयेत. पहिली, नादारीच्या अर्जाची. तिच्या आधीची बाकी ऋणमुक्तीनंतर त्याच्याकडून व्यक्तिशः मागणे हा न्यायालयाच्या मनाई हुकमाचा भंग आहे. बोजा असला तर तो घरावर. दुसरी, नव्या मालकाचे खत नोंदल्याची. तिच्या पुढची वर्गणी त्याची नव्हे. या दोहोंमधल्या काळाचाच प्रश्न उरतो. वसुली कंपनीचे पत्र आल्यास तीस दिवसांच्या आत लेखी हरकत घेऊन बाकीचा तपशील मागण्याचा अधिकार १९७७ च्या कायद्याने दिलेला आहे; तो वापरावा. हप्तेबंदीच्या 'चॅप्टर थर्टीन'खाली मधल्या काळाची वर्गणीही माफ होऊ शकते, असा निर्णय पश्चिमेकडील राज्यांच्या संघीय अपील न्यायालयाने २०१८ साली दिला आहे. मात्र साऱ्या न्यायालयांचे यावर एकमत नाही.

खरा उपाय ऋणकोच्या चातुर्यात नाही. तो भार योग्य जागी ठेवण्यात आहे. घर सोडल्याचे ऋणकोने कळविल्यानंतर बँकेने ठरलेल्या मुदतीत ते नावावर घ्यावे किंवा गहाण सोडावे. दोन्ही न केल्यास पुढील वर्गणी तिने भरावी. यामुळे कर्जे महागतील, हा आक्षेप अपेक्षित आहे. थोडी महागतीलही. पण ही जोखीम कर्ज देतानाच व्याजात धरणे बँकेला शक्य असते. शेजारच्या सेवानिवृत्ताला ते शक्य नसते. नेवाडा राज्यात संघाच्या नऊ महिन्यांच्या थकबाकीला बँकेच्या गहाणाहून अग्रक्रम आहे. तिच्यासाठी झालेल्या विधिवत लिलावाने बँकेचे गहाणच बुडते, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. विधिमंडळाने पुढच्याच वर्षी त्याची धार काहीशी बोथट केली. पण शेजाऱ्यांच्या थकबाकीकडे डोळेझाक करणे बँकेलाही महागात पडू शकते, हा धडा दिला गेला तो गेलाच.

आपल्याला यातून घेण्यासारखे काही आहे काय? २००२ च्या कायद्याने आपल्याकडेही बँका थकलेल्या कर्जापोटी सदनिका ताब्यात घेतात, आणि 'जसे आहे, जेथे आहे' या तत्त्वावर होणाऱ्या लिलावांच्या जाहिराती आपण वृत्तपत्रांतून पाहतो. कुलूप लागल्यापासून लिलाव होईपर्यंतची देखभाल वर्गणी कोणाची, हा वाद सहकारी संस्थांना नवा नाही. फरक एवढाच की, सामान्य पगारदाराला पाटी पुसून मिळण्याची सोयही येथे नावापुरती आहे. २०१६ च्या नादारी संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग केवळ कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता अमलात आला आहे. इतरांसाठी मुंबई, कोलकाता व चेन्नई येथे १९०९ चा आणि अन्यत्र १९२० चा कायदाच चालू आहे. तो भाग सर्वांना लागू करण्याची वेळ येईल तेव्हा आपल्या कायदेकर्त्यांनी अमेरिकेची पहिली अर्धी गोष्ट जरूर उचलावी. पण दुसरी अर्धी उचलण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा: ज्याच्या हाती किल्ली नाही, त्याच्या नावे बिल का फाडावे?