विजा कडाडल्या की कुत्रा का थरथरतो?

मेअखेरीस वळवाचे ढग दाटले की ठाकुर्ली-डोंबिवलीतल्या अनेक घरांत पाळीव कुत्रा विजा कडाडण्याआधीच अस्वस्थ होतो. धापा टाकतो, लाळ गाळतो, पलंगाखाली दडतो. सोसाट्याचा वारा आणि अंधारून येणे यांचीही त्याने गडगडाटाशी सांगड घातलेली असते. काही कुत्री दार उघडे दिसताच बाहेर धाव घेतात. ठाकुर्लीत वस्तीला लागूनच रेल्वेचे रूळ आहेत, हे लक्षात घेता या भीतीकडे 'खोड' म्हणून पाहणे धोक्याचे ठरू शकते.

अशा वेळी कुत्र्याला शांत करणाऱ्या सप्लिमेंटची चौकशी होते. त्यांत बहुधा चहाच्या पानांत आढळणारे एल-थिअ‍ॅनिन, दुधातील केसीन या प्रथिनापासून मिळणारे अल्फा-कॅसोझेपिन किंवा मेलाटोनिन असते. विजांना घाबरणाऱ्या कुत्र्यांवरील २०१५च्या एका अभ्यासात एल-थिअ‍ॅनिनचा फायदा दिसला. मात्र तुलनेसाठी औषध न दिलेला गट त्यात नव्हता.

बर्न विद्यापीठाच्या श्टेफानी रीमर यांनी २०२० मध्ये फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांचे अनुभव तपासले. सप्लिमेंट, वनौषधी, होमिओपॅथी अशा उपायांनी गुण आल्याचे जेमतेम २७ ते ३५ टक्के मालकांनी सांगितले. पशुवैद्यांनी लिहून दिलेल्या औषधांबाबत हे प्रमाण ६९ टक्के होते. आवाज होताच खाऊ देणे किंवा खेळवणे, या साध्या उपायाला ७० टक्क्यांहून अधिक मालकांनी कौल दिला.

म्हणजे सौम्य भीतीत सप्लिमेंट जोडीला घेता येईल, पण सारी भिस्त त्यावर ठेवू नये. कुत्रा दारे ओरबाडत असेल, स्वतःला इजा करून घेत असेल तर पशुवैद्यांकडे जावे. केवळ गुंगी आणणारी गोळी मागू नये. अ‍ॅसेप्रोमाझिनसारख्या औषधाने शरीर सुस्त होते, भीती मात्र आत तशीच राहू शकते. माणसांच्या गोळ्या तर परस्पर देऊच नयेत. काही च्युएबल गोळ्यांतील झायलिटॉल हा गोडवा कुत्र्यांसाठी विषारी असतो.

घरी काय करावे? ढग येताच खिडक्या-पडदे लावून घ्या, पंखा किंवा टीव्ही सुरू ठेवा. कुत्र्याला आतल्या खोलीत हवे तिथे बसू द्या. बांधू नका, ओरडू नका. जवळ घेतल्याने भीती वाढते हा गैरसमज आहे. प्रत्येक गडगडाटानंतर आवडता खाऊ द्या. पावसाळा सरल्यावर गडगडाटाचे रेकॉर्डिंग अगदी हळू आवाजात ऐकवून, खाऊ देत, हळूहळू आवाज वाढवा. तो घाबरला तर आवाज कमी करा. ही सवय दिवाळीतही कामी येते.

आणि पहिली सर येण्याआधी एक काम कराच: गळपट्ट्यावर आपला फोन नंबर लिहा.