पऱ्हाटीची कुट्टी आणि डिझेलचें नवें इंजिन

वर्धा जिल्हा हा कापसाचा जिल्हा होय. आर्वी, देवळी, हिंगणघाट, कोणत्याही तालुक्यांत पाहिलें तरी शेवटची वेचणी आटोपल्यावर शेतांत पऱ्हाटीच उभी दिसते. ती उपटून चुलीसाठीं घरीं आणावी किंवा धुऱ्यावर रचून पेटवून द्यावी, ही जुनी रीत. आतां तिची कुट्टी करणारीं यंत्रें आलीं आहेत. पऱ्हाटीचा भुगा मातींत मिसळतां येतो. तिच्या ढलप्यांपासून कारखान्यांत जळणाच्या कांड्या होतात. शिवाय गुलाबी बोंडअळीचा आसराही नाहींसा होतो.

हीं यंत्रें बहुधा ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनावर चालतात. त्या इंजिनाविषयीं एक शंका पुष्कळ पालकांच्या मनांत असते, ती अशी कीं, धूर कमी करणारें नवें इंजिन जोरानेंही कमी असतें काय? ट्रॅक्टर घेण्यासाठीं अनेकांस कर्ज काढावें लागतें. म्हणून या शंकेचा विचार शास्त्रीय रीतीनें करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

प्रथम यंत्राचें काम पाहूं. ट्रॅक्टरच्या मागील दांडा, ज्यास पीटीओ म्हणतात, तो सामान्यतः मिनिटास ५४० फेरे घेतो आणि यंत्रांतील जड, पातीं लावलेलें चाक फिरवितो. बारीक फांद्या सहज कापल्या जातात. परंतु जाड बुंधा आला कीं भार एकाएकीं वाढतो व चाकाचा वेग घटतो. तो वेग तत्काळ पूर्ववत् होणें, यावरच कुट्टीचा सारखेपणा अवलंबून असतो.

आतां इंजिनाकडे वळूं. रुडॉल्फ डिझेल यांनीं १८९७ सालीं यशस्वी करून दाखविलेल्या इंजिनाचें तत्त्व आजही तेंच आहे. हवा अतिशय दाबली म्हणजे तापते, आणि तींत तेलाचा फवारा सोडला कीं तो ठिणगीवांचून पेटतो. हवा अपुरी व तेल अधिक झालें तर कांहीं तेल अर्धवट जळतें व त्याची काजळी होते. जुन्या इंजिनावर भार पडतांच काळा लोट निघे, आणि पाहणारे म्हणत, "काय जोर आहे!" वस्तुतः तो जोर नव्हे, तें वायां गेलेलें तेल होय.

भारत सरकारनें १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांस नवा नियम लागू केला. त्याहून लहान ट्रॅक्टर तेव्हां त्यांतून वगळले होते. ३७ ते ५६ किलोवॅटच्या इंजिनास पूर्वीं दर किलोवॅट-तासास ०.४ ग्रॅम कणांची मुभा होती, ती ०.०२५ ग्रॅमवर आली, म्हणजे सोळावा हिस्सा झाली. हें साधण्यासाठीं नव्या इंजिनांत तेल फार मोठ्या दाबानें फवारलें जातें आणि त्याचें माप विजेचें नियंत्रक ठरवितें. वेग घटतांच तें नियंत्रक तेल वाढवितें. म्हणून तितक्याच अश्वशक्तीचें नवें इंजिन कुट्टीच्या कामांत दुबळें तर नसतेंच, उलट वेग अधिक स्थिर राखूं शकतें.

मग तक्रार येते कोठून? पुष्कळ नव्या इंजिनांच्या धुराड्यांत काजळी अडविणारी गाळणी असते. इंजिन भरपूर भारावर चाललें तर धूर तापून ती काजळी बरीचशी आपोआप जळते. परंतु इंजिन तासन्‌तास रिकामें फिरत ठेवलें तर गाळणी भरत जाते. ती जाळून साफ करण्यास सुमारें ६०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. ही क्रिया वारंवार मध्येंच थांबविली तर नियंत्रक इंजिनाची शक्ति मुद्दाम कमी करतें. पुष्कळदां यासच लोक दुबळेपणा म्हणतात. पातीं बोथट असलीं किंवा रेडिएटरच्या जाळींत भुसा भरला, तरी दोष इंजिनाच्याच माथीं बसतो.

नव्या इंजिनाची किंमत अधिक, आणि त्याची दुरुस्ती गांवांतील प्रत्येक मिस्त्रीस जमत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. तेलांत रॉकेलची भेसळ त्यास सोसत नाहीं. गाळणी साफ होतांना धुराडें अतिशय तापतें. तेव्हां कोरड्या भुशाजवळ ट्रॅक्टर उभा करूं नये.

इतकी दगदग कशासाठीं? यंत्रांत पऱ्हाटी घालणारा मजूर दिवसभर त्या धुराजवळ उभा असतो. डिझेलचा धूर मनुष्यास कर्करोग करणारा आहे, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१२ सालीं दिला. त्याचीं फुप्फुसें वांचवावयाचीं तर थोडी काळजी घेणें महाग नाहीं.

विद्यार्थी मित्रांनो, ट्रॅक्टरबरोबर आलेली पुस्तिका पुष्कळ घरीं पेटींतच पडून राहते. ती तुम्ही वाचा, समोरच्या फळीवरील दिव्यांचा अर्थ समजून घ्या, आणि वडिलांस व ट्रॅक्टर चालविणाऱ्यास नीट समजावून सांगा. तुमच्या शिक्षणाचा असा उपयोग घरास त्याच दिवशीं होईल.