खोपटांतील भीमसरटाचें पाऊल

नातवाच्या शाळेंत विज्ञान-प्रदर्शन भरावयाचें होतें. "आजोबा, चित्र नको, हात घालून पाहतां येईल असें डायनोसॉरचें पाऊल पाहिजे," असा त्यानें हट्ट धरला. जन्मभर संस्कृत शिकविलेल्या मास्तराचा या कामाशीं संबंध काय, असें वाचक म्हणतील. परंतु १८४२ सालीं रिचर्ड ओवेन या इंग्रज पंडितानें 'भयंकर' आणि 'सरडा' या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांचा समास करून हें नांव घडविलें, व मराठींत त्याचा 'भीमसरट' झाला, हें कळल्यावर आम्हांस राहवेना.

असें पाऊल आपल्या ठाण्यांत सांपडेल काय, हा त्याचा पहिला प्रश्न. ठाण्याची भूमि काळ्या कातळाची. सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भांतून वाहिलेल्या तप्त रसाचे थर थिजून तो झाला. अशा रसावर चालणारा प्राणी पाऊल उमटविण्यास उरत नाहीं. त्यास ओला चिखल हवा, तो वाळावा, आणि त्यावर दुसरा गाळ हळुवार बसावा. दोन उद्रेकांमधील शांत काळांत सांचलेला थोडा गाळ मुंबईंत आहे. वरळीकडे त्यांत चिमुकले बेडूक अश्मीभूत झालेले मिळाले, व १८४७ सालीं त्यांचें वर्णन याच ओवेननें केलें. चंद्रपूर जिल्ह्यांत पिसदुऱ्यास भीमसरटांचीं हाडें निघालीं, आणि त्यांची दगड झालेली विष्ठाही. तींत गवताचे सूक्ष्म कण असल्याचें २००५ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें त्यांत भाताच्या कुळांतील गवतही ओळखतां आलें. (ही माहिती आम्हीं जेवतांना सांगितली, तें मात्र चुकलें.) पाउलें पाहावयाचीं तर राजस्थानांत जावें लागतें. तेथें जैसलमेरजवळ थईयात येथील वालुकाश्मांत तीन बोटांचे ठसे सांपडले. त्यांतील मोठा सुमारें ३० सेंटिमीटर लांबीचा, मांसाहारी प्राण्याचा. तोच आम्हीं नमुना धरला.

ओळखीच्या मूर्तिकारांकडून शाडू आणून लांकडी चौकटींत थापला. प्रथम लांकडाचा पाय करून तो दाबून पाहिला. उमटलें तें बिस्किटासारखें सपाट, निर्जीव. दुसऱ्या दिवशीं उरलेल्या शाडूची एक ओली लादी गच्चीवर ठेवली असतां एक कावळा तिच्यावरून चालून गेला. भिंग घेऊन पाहतों तों काय! बोटांच्या कडांना चिखल किंचित् वर चढलेला, नखाशीं बारीक ओरखडा, जेथें भार पडला तेथें खोल, अन्यत्र उथळ. पाऊल म्हणजे पायाची आकृति नव्हेच. पाय, भार आणि चिखल या तिघांनीं मिळून केलेलें तें काम. अमेरिकेंत हिचकॉक या अध्यापकानें १८३६ सालीं असलेच ठसे प्रचंड पक्ष्यांचे मानले होते. पक्षी याच कुळांतून उपजले असें आतां ठरलें असल्यामुळें त्याची चूक अगदींच चूक राहिली नाहीं. दत्तात्रेयांच्या चोवीस गुरूंत कावळा नाहीं. आम्हीं तो पंचविसावा केला. मधलें बोट लांब, प्रत्येक बोटाखालीं गादीचे उंचवटे, कडेला चढलेला चिखल, असें सारें चमच्याच्या दांड्यानें आणि बांबूच्या कोरणीनें घडविलें.

मग सांचा. प्लास्टर पाण्यांत घालावें, पाणी प्लास्टरांत नव्हे. पाण्यावर त्याचीं बेटें दिसूं लागलीं म्हणजे थांबून हलकेंच ढवळावें. पहिला पातळ हात कुंचल्यानें द्यावा, म्हणजे बुडबुडे राहत नाहींत. वरच्या थरांत काथ्या घालावा. हें प्लास्टर म्हणजे आपली गोदंतीच. सुमारें १५० अंशांवर भाजली कीं तिच्यांतील तीन चतुर्थांश पाणी जातें. पुन्हा पाणी मिळतांच ती पूर्ववत् दगड होते आणि तसें होतांना तापते. सांच्यावर हात ठेवून नातू ओरडला, "आजोबा, याला ताप आला!" तापावर वैद्य गोदंतीचेंच भस्म देतात, हें सांगितल्यावर तो फार हंसला. पॅरिसच्या माँमार्त्र टेकडीवरील ज्या खाणींमुळें प्लास्टरला त्या शहराचें नांव मिळालें, त्याच खाणींतील हाडांवरून क्यूव्हिए यानें नष्ट प्राण्यांचें शास्त्र उभारलें. ज्या दगडानें शास्त्र दिलें त्याच दगडाचें आम्ही पाऊल करीत होतों.

उठावाच्या त्या सांच्यावरून खोलगट प्रतिकृति ओततांना साबणाच्या पाण्याचा हात देण्यास आम्ही विसरलों. दोन्ही एकजीव झालीं, आणि सोडवितांना तुकडे झाले. मूळ शाडू आधींच मोडला होता. सारें पुन्हा पहिल्यापासून करावें लागलें. मुलाच्या डोळ्यांत पाणी आलें, आमच्याही जवळजवळ.

दुसरी प्रतिकृति चार दिवस पूर्ण वाळूं दिली. डिंकाच्या पाण्यांत पिवडी कालवून पहिला रंग दिला, मग थोडा गेरू. शेवटीं पातळ काजळी फांसून लगेच फडक्यानें पुसली, म्हणजे ती खळग्यांतच राहिली. दगड इतका हुबेहूब साधला कीं तेथेंच घोटाळा झाला. दाराशीं वाळत ठेवलेलें पाऊल कोणी पाहिलें, आणि सिद्धेश्वर तलावाजवळ खोदतांना तें निघालें, अशी वार्ता आळींत पसरली. एका सकाळीं त्यांत दोन जास्वंदीचीं फुलें होतीं.

नातवास हें ठाऊक होतें. "मीं खोटें बोललों नाहीं, आजोबा, नुसता गप्प बसलों." वर्गांत हें उत्तर आम्हीं असंख्य वेळां ऐकलें होतें, आणि त्यास छडीही दिली होती. या वेळीं एवढेंच म्हटलें कीं, ज्यांनीं फुलें वाहिलीं त्यांना आपण होऊन सांगून ये. तो गेला आणि तोंड उतरवून परतला. प्रतिकृति असें लिहिलें तर कोणी पाहणार नाहीं, निदान तें मागच्या बाजूस लिहूं, अशी त्यानें विनवणी केली. आम्ही कांहीं बोललों नाहीं; चाकू त्याच्यापुढें ठेवून संध्येस बसलों. उठून पाहतों तों समोरच्या कडेवर अक्षरें कोरलेलीं होतीं: 'प्रतिकृति. मूळ ठसा थईयात, जैसलमेर.' अक्षर वांकडें होतें, पण ऱ्हस्व-दीर्घ शुद्ध.

प्रदर्शनांत मुलांची रांग लागली. ज्याला त्याला त्या खळग्यांत पंजा घालून पाहावयाचा होता. शेजारीं त्यानें गच्चीवरची ती शाडूची लादीही मांडली होती. तिच्यापुढें चिठ्ठी होती: 'खोपटचा कावळा. ठसा अस्सल.'