छताला ओल धरली की…

मैत्रिणींनो, भुताचा सिनेमा म्हटला की आपल्यातल्या कितीजणी आधीच कानांवर हात ठेवतात! “नको बाई, रात्री झोप नाही यायची.” मीही त्यातलीच. पण जपानी भुतांचे चित्रपट पाहायला लागले आणि एक गंमत ध्यानात आली. भीती वाटते ती वाटतेच, पण मागाहून त्या भुताचीच कणव येते. असं का व्हावं?

जपानी भूत बहुधा बाईचं. अंगात प्रेताला घालतात तसला पांढरा किमोनो आणि तोंडावर आलेले लांबसडक मोकळे केस. (तिन्हीसांजेला केस सोडले म्हणून आजीची बोलणी खाल्लेल्यांना जास्त सांगायला नको!) तिथं भुताच्या गोष्टी उन्हाळ्यात सांगतात. ‘ओबोन’ला पूर्वज घरी येतात तोही हाच हंगाम, आपल्या पितृपक्षासारखंच म्हणा ना.

या साऱ्याजणींची थोरली जाऊ म्हणजे ओइवा. त्सुरुया नानबोकू यांच्या १८२५ सालच्या काबुकी नाटकातली. ओली बाळंतीण, अंगात त्राण नाही. नवऱ्याला शेजारच्या श्रीमंत घरची मुलगी चालून आलेली. शेजारी ‘बाळंतिणीचं औषध’ म्हणून विष पाठवतात आणि ही बिचारी त्यांचे आभार मानून ते घेते! चेहरा विद्रूप होतो. नवरा तर घरातली मच्छरदाणीसुद्धा गहाण टाकायला ओढून नेतो, तान्ह्या बाळाला डास फोडून काढतील याचीही पर्वा नाही. मग ती आरशापुढे बसून केस विंचरू लागते, तो पुंजकेच्या पुंजके हातात येतात. पुढं ती भूत होऊन त्याचा पिच्छा पुरवते. तुम्हीच सांगा, तुम्ही कुणाच्या बाजूनं असाल? या कथेवर कितीतरी चित्रपट निघाले. नोबुओ नाकागावा यांचा १९५९ सालचा विशेष नावाजला गेला.

अलीकडच्या चित्रपटांत हिदेओ नाकाता यांच्या ‘रिंग’चं (१९९८) नाव फार झालं. शापित व्हिडिओ कॅसेट पाहिली की सात दिवसांत मरण! पण माझ्या मते त्यांचा २००२ सालचा ‘डार्क वॉटर’ जास्त खोल जातो.

योशिमी नावाची एक आई. घटस्फोट आणि मुलीच्या ताब्याचा तंटा चाललेला. जुनाट इमारतीत ती चिमुरड्या इकुकोला घेऊन भाड्यानं राहते. छताला ओलीचा डाग. तो पसरतो, ठिबकू लागतो. इमारतीच्या माणसाला सांगावं तर तो दाद देत नाही. (हा अनुभव कुणाला नाही?) नोकरीपायी बालवाडीत पोचायला उशीर होतो, जीव टांगणीला लागतो. त्यात घरात काहीतरी विपरीत आहे असं बोलावं, तर नवऱ्याच्या बाजूचे म्हणणार, हिचं डोकं ठिकाणावर नाही, मुलगी बापाकडे द्या. म्हणजे भ्यायचीसुद्धा सोय नाही! पडद्यावर रक्ताचा सडा नाही, किंकाळ्या नाहीत. नुसतं पाणी. तरी हातपाय गार पडतात.

आणि भूत कुणाचं? गच्चीवरच्या टाकीत बुडालेल्या एका लहान मुलीचं, मित्सुकोचं. तिला कुणाचा सूड नको, आई हवीय. शेवट सांगू नये म्हणतात, पण सांगते. नको असेल तर हा परिच्छेद सोडा. इकुको वाचावी म्हणून योशिमी त्या परक्या मुलीला पोटाशी धरते, ‘मीच तुझी आई’ म्हणते आणि तिच्याबरोबर जाते. लिफ्टबाहेर स्वतःची लेक रडत उभी. त्या रात्री मी दोनदा उठून मुलांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

पाहणार असाल तर मुलं निजल्यावरच पाहा. अगदीच भित्र्या असाल, तर केन्जी मिझोगुची यांच्या ‘उगेत्सू’नं (१९५३) सुरुवात करा. परक्या बाईच्या नादी लागलेला कुंभार बऱ्याच काळानं घरी परततो. बायको एका शब्दानं बोलत नाही, चुलीवरचं गरम वाढते. तो निजल्यावर दिव्याशी बसून शिवण शिवते. सकाळी गावकरी येऊन सांगतात, सैनिकांनी तिला केव्हाच मारलंय.