व्हाइटहॉलखालचं जादू मंत्रालय

लंडनच्या व्हाइटहॉल भागात ब्रिटनची खरी सरकारी खाती आहेत. त्याच भागात, जमिनीच्या खाली, जे. के. रोलिंग यांनी हॅरी पॉटरच्या पुस्तकांतलं जादू मंत्रालय वसवलं. पाहुण्यांनी आत जायचं ते एका आडगल्लीतल्या मोडक्या लाल टेलिफोन बूथमधून. ६२४४२ हा नंबर फिरवायचा, नाव आणि काम सांगायचं; नाणं परत येण्याच्या खाचेतून बिल्ला पडतो आणि सगळा बूथच जमिनीत उतरतो. खाली पहारेकरी जादूची कांडी एका ताजव्यासारख्या यंत्रावर ठेवतो. कांडीची लांबी, आतला गाभा, ती किती वर्षं वापरात आहे, सगळं लिहिलेली चिठ्ठी बाहेर येते. ती चिठ्ठी तो ठेवून घेतो. मुंबईच्या मंत्रालयात पास काढून गेलेल्या माणसाला यात एकच गोष्ट जादूची वाटेल: रांग नाही.

हॅरी पॉटर म्हटलं की हॉगवर्ट्सची शाळा आठवते, वोल्डेमॉर्ट आठवतो. माझ्या मते या सात खंडांतली सगळ्यात पक्की रचना या कचेरीची आहे. शाळा रम्य आहे आणि खलनायक थोडा नाटकी. कचेरी मात्र ओळखीची वाटते.

जादूगारांना सरकार कशाला हवं, याचं उत्तर लपण्यात आहे. छळ वाढला तेव्हा जगभरच्या जादूगारांनी गुप्ततेचा करार केला. १६८९ साली सह्या झाल्या, १६९२ पासून तो लागू झाला. त्यानंतर जादू न येणाऱ्या माणसांच्या, म्हणजे मगलांच्या नजरेला काही पडू न देणं हे जादूगारांच्या राज्यकारभाराचं पहिलं काम ठरलं. ब्रिटनमधलं मंत्रालय १७०७ चं. इंग्लंड आणि स्कॉटलंड एक झाले तेच हे वर्ष, आणि युलिक गॅम्प हे पहिले मंत्री. ही माहिती रोलिंग यांनी पुस्तकांबाहेर, नंतर दिली. मगल पंतप्रधानांच्या खोलीतही मंत्रालयाचं एक तैलचित्र टांगलेलं आहे, ते भिंतीवरून काढता येत नाही. चित्रातला माणूस वर्दी देतो आणि जादूमंत्री शेकोटीतून बाहेर येतात. पंतप्रधानांनी ऐकून घ्यायचं, बोलायचं कोणाशी नाही.

जादूगारांचा हा देश लहान आहे. शाळा एक, मोठं रुग्णालय एक, बँक एक, सगळे वाचतात असं दैनिक एक आणि फक्त जादूगारांची वस्ती असलेलं गाव एक. अशा ठिकाणी शाळा सुटली की नोकरी कुठे, तर मंत्रालयात. चलनही असं, की एका गॅलियनचे १७ सिकल आणि एका सिकलचे २९ नट. १९७१ पर्यंत ब्रिटिशांचा पौंड २० शिलिंगांचा आणि शिलिंग १२ पेन्सचा होता, त्याची ही थट्टा. आणे-पैची कोष्टकं घोकलेल्या आपल्या आजोबांना ती लगेच कळली असती.

मंत्रालयात सात खाती आणि त्यांच्या खाली असंख्य विभाग आहेत. झाडूंचं नियमन, शेकोट्यांचं जाळं, जादुई प्राणी, खेळ, अपघात आणि आपत्ती. पूर्वी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे निरोप घुबडं नेत. त्यांच्या विष्ठेनं हैराण होऊन ती बंद केली, आता फिकट जांभळ्या कागदांची विमानं लिफ्टमधून फिरतात. सगळं जमिनीखाली असल्यानं खिडक्यांत दिसणारं हवामान देखभाल विभाग ठरवतो. पगारवाढ हवी होती तेव्हा या विभागानं दोन महिने खिडक्यांत वादळ ठेवलं होतं. पर्सी वीझली हा तरुण कारकून कढयांच्या बुडाची जाडी किती असावी यावर मनापासून अहवाल लिहितो, कारण आयात कढया पातळ असतात आणि गळतीचं प्रमाण वर्षाला जवळपास तीन टक्क्यांनी वाढतं आहे. वाचक हसतो, पर्सी हसत नाही. त्याचे वडील आर्थर मगलांच्या वस्तूंवर जादू करण्याविरुद्धचा कायदा लिहितात आणि त्यात अशी पळवाट ठेवतात, की उडवण्याचा हेतू नसेल तर उडणारी मोटार घरात ठेवता यावी. त्याच नियमांत उडते गालिचे मात्र मगल वस्तू म्हणून बंदीच्या यादीत गेले आहेत. अली बशीर नावाचा व्यापारी ही बंदी उठवायला खटपट करतो आणि कोणी दाद देत नाही. झाडू आपला, गालिचा परका, हा निवाडा कोणी केला असेल? हॉगवर्ट्समध्ये पार्वती आणि पद्मा या पाटील भगिनी शिकतात. त्या कुठल्या पाटील हे पुस्तक सांगत नाही, पण त्यांच्या घरी या बंदीबद्दल काय बोलत असतील याचं मला कुतूहल आहे.

इथपर्यंत गंमत आहे. कायद्याचं पान उलटलं की ती कमी होते. सतरा वर्षांखालच्या मुलांनी शाळेबाहेर जादू करायची नाही. पण मंत्रालयाला जादू कुठे झाली एवढंच कळतं, कोणी केली हे कळत नाही. म्हणून जादूगारांच्या घरांत सगळं आईवडिलांवर सोपवलेलं. मगलांच्या घरात राहणाऱ्या मुलाच्या आसपास काही घडलं की नोटीस त्यालाच. दुसऱ्या खंडात डॉबी नावाचा एल्फ पुडिंग उडवतो आणि ताकीद येते हॅरीच्या नावानं. जातीचा उल्लेख न करता जात पाळणारा कायदा असा असतो.

न्यायदानाची तर बातच नको. शाळेबाहेर जादू केल्याबद्दल ज्या विझेनगॅमॉट न्यायसभेपुढे हॅरीची सुनावणी होते, तिथे प्रश्न विचारायला खुद्द मंत्री कॉर्नेलियस फज बसतात, आणि वेळ व जागा ऐनवेळी बदललेली असते. हॅरीचा धर्मपिता सिरियस ब्लॅक खटल्याविना बारा वर्षं अझ्काबानच्या तुरुंगात राहतो. हॉगवर्ट्सचा रखवालदार हॅग्रिड, त्याला पुराव्याशिवाय तिथे धाडतात, कारण मंत्रालय काहीतरी करतं आहे असं दिसायला हवं. फज दुष्ट नाहीत. खुर्ची जाईल या भीतीनं वर्षभर वोल्डेमॉर्ट परतल्याचं नाकारणारे ते एक साधे पुढारी आहेत, आणि म्हणूनच जास्त नुकसान करतात.

मग १ ऑगस्ट १९९७ ला मंत्रालय वोल्डेमॉर्टच्या हाती पडतं. फज यांच्यानंतरचे मंत्री स्क्रिमगोर मारले जातात, बाहेर सांगतात की त्यांनी राजीनामा दिला. आधीच वशीकरणाखाली असलेले पायस थिकनेस त्यांच्या जागी बसतात. वोल्डेमॉर्ट स्वतः मंत्री होत नाही, त्याला गरजच नसते. सप्टेंबरमध्ये हॅरी आणि त्याचे मित्र रॉन व हर्मायनी वेषांतर करून आत शिरतात तेव्हा लिफ्ट चालू असतात, जांभळी विमानं उडत असतात, माणसं वेळेवर कामावर येत असतात. एका दालनात डझनभर जादूगार एका लयीत कांड्या हलवून गुलाबी पत्रकं तयार करत असतात. मगलांच्या पोटी जन्मलेल्यांपासून जादूगार समाजाला धोका आहे असा त्यांचा आशय. या लोकांनी जादू चोरली आहे असा सरकारी दावा, आणि त्याला आधार मंत्रालयाच्याच गूढ विभागातलं तथाकथित संशोधन. या लोकांच्या नोंदणी आयोगाच्या प्रमुख डोलोरेस अम्ब्रिज. फज, स्क्रिमगोर, थिकनेस, तिघांच्याही कारकिर्दीत बाई मंत्रालयात आहेत. त्यांना पक्ष बदलावा लागला नाही. प्रवेशदालनात पूर्वी कारंजं होतं: जादूगार आणि जादूगारीण मध्ये, सेंटॉर, गॉब्लिन आणि एल्फ त्यांच्याकडे भक्तिभावानं बघताना. आता तिथे काळ्या दगडात कोरलेले जादूगार सिंहासनांवर बसले आहेत, आणि सिंहासनं पिळवटलेल्या मगल देहांची आहेत. नवा पुतळा पहिल्याच्या विरुद्ध आहे असं मला वाटत नाही. पहिल्यात जे गोड करून सांगितलं होतं, तेच इथे उघड केलं.

रोलिंग यांनी तरुणपणी लंडनला अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या मुख्यालयात आफ्रिका विभागात काम केलं होतं. छळ झालेल्यांची पत्रं आणि जबान्या तिथे वाचल्या, असं त्यांनी २००८ साली हार्वर्डच्या भाषणात सांगितलं. सातव्या खंडातल्या तळघरातली न्यायालयं आणि बाकांवर वाट बघत बसलेली माणसं वाचताना हे लक्षात राहतं.

वोल्डेमॉर्टविरुद्धच्या युद्धानंतर किंग्जली शॅकलबोल्ट हंगामी मंत्री होतात. पत्रकं तयार करणाऱ्या त्या डझनभर लोकांचं काय झालं, हे सातवा खंड सांगत नाही. भोपाळच्या मंजुल प्रकाशनानं या पुस्तकांचे मराठी अनुवाद काढले आहेत. घरात असतील तर पाचव्या खंडातली सातवं आणि आठवं ही दोन प्रकरणं आणि सातव्या खंडातली बारावं आणि तेरावं ही दोन, अशी चार सलग वाचून बघा. इमारत तीच आहे, आणि बरीचशी माणसंही तीच आहेत.